विश्लेषण : समुद्र ओलांडूनही आनंदीबाई जोशी ‘कल्याणच्या’ कशा राहिल्या? त्यांनी काय जपले, काय बदलले?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांतली मुले आज शिक्षणासाठी परदेशात आहेत. निघताना त्यांच्या बॅगेत मेतकूट, मसाले आणि लोणच्याची बरणी जाते. सोबत घरच्यांच्या सूचनाही जातात. खाण्यापिण्याचे सांभाळ, सणवार विसरू नकोस, घरी मराठीत बोलत जा. परक्या देशात गेल्यावर आपले किती जपायचे आणि तिथले किती घ्यायचे, हा प्रश्न नवा नाही. याच कल्याणमध्ये वाढलेल्या एका विवाहितेने १८८३ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, पतीला मागे ठेवून अमेरिकेचा रस्ता धरला. तेव्हा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हता. चुकीचे उत्तर दिले तर जात, घर आणि समाज तिन्ही गमावण्याची भीती होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी हे उत्तर कसे शोधले आणि त्यासाठी काय मोजले, याचा हा आढावा.

कल्याणची यमुना ‘आनंदी’ कशी झाली?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे कल्याणचे. जुन्या कल्याणातल्या पारनाका भागात हे कुटुंब राहत असे. घराण्याला एके काळी जमीनजुमला होता, मात्र यमुनेच्या लहानपणी ती सुबत्ता ओसरली होती. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव विनायक जोशी यांच्याशी झाले. मूळचे संगमनेरचे असलेले गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, विधुर होते आणि वयाने सुमारे २० वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवू दिले पाहिजे, ही त्यांची लग्नाआधीची अट होती. लग्नानंतर रिवाजाप्रमाणे मुलीचे नाव बदलले आणि यमुनेची आनंदी झाली. तिची ओळख पहिल्यांदा बदलली ती अशी घरातच, तिला न विचारता.

डॉक्टर होण्याचे कसे ठरले?

१८७८ मध्ये, १३ वर्षांच्या आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे १० दिवस जगला. त्याला वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत, ही सल त्यांच्या मनात कायम राहिली. त्या काळी पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे बहुतेक घरांतील बायकांना मान्य नव्हते आणि स्त्री डॉक्टर तर जवळपास नव्हत्याच. बाळंतपण सुईणीच्या हाती. गुंतागुंत झाली तर बाई दुखणे अंगावर काढत असे. बायकांवर उपचार करायला बायकाच हव्यात, या विचाराने आनंदीबाईंच्या शिक्षणाला दिशा मिळाली. गोपाळरावांची पत्नीला शिकवण्याची जिद्द आधीपासून होतीच. या घटनेनंतर त्या शिक्षणाला आनंदीबाईंचा स्वतःचा हेतू मिळाला.

परकेपणाचा पहिला अनुभव कुठे आला?

तो अमेरिकेत नव्हे, देशातच आला. गोपाळरावांच्या बदल्यांमुळे हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत कलकत्त्याला पोहोचले. प्रत्येक ठिकाणी भाषा वेगळी, पाणी वेगळे, बायकांच्या वावरण्याच्या रीती वेगळ्या. नवऱ्यासोबत फिरायला निघालेली, हातात पुस्तक असलेली तरुण बाई पाहून रस्त्यावरचे लोक थांबून बघत, शेरे मारत. कलकत्त्यात तर हा त्रास अधिक झाला. तिथल्या वरच्या थरातल्या स्त्रिया पडद्यात राहत. उघड्या चेहऱ्याने पतीबरोबर चालणारी मराठी स्त्री तिथल्या लोकांना चमत्कारिक वाटे. मुंबईत मिशनच्या शाळेत गेल्यावर बायबलच्या सक्तीचा प्रश्न उभा राहिला. म्हणजे आपण कोण आणि समोरचा आपल्याला काय समजतो, यातले अंतर आनंदीबाईंनी जहाजात पाय ठेवण्यापूर्वीच पुरेसे पाहिले होते.

समुद्रप्रवासाला एवढा विरोध का होता?

कल्याणसाठी यात एक विसंगती आहे. हे शहर प्राचीन काळी नावाजलेले बंदर होते. पहिल्या शतकाच्या सुमारास ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांतही कल्याणचे रहिवासी होते. ज्या गावाची भरभराट समुद्रावर झाली, त्याच गावच्या ब्राह्मण कुटुंबातल्या मुलीला एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडणे धर्मबाह्य ठरत होते.

धर्मशास्त्रातल्या कलिवर्ज्य प्रकरणात, म्हणजे कलियुगात टाळायच्या गोष्टींत, समुद्रप्रवासाचा समावेश केला जात असे. व्यवहारात मुख्य अडचण अन्नाची होती. जहाजावर कोणाच्या हातचे खाल्ले, कोणते पाणी प्यायले, कोणाच्या पंक्तीला बसले, याची खात्री नसल्याने परतलेल्या माणसाकडून प्रायश्चित्ताची अपेक्षा असे. ते घेतले नाही तर वाळीत टाकले जाई. अशा माणसाच्या घरी कोणी जेवत नसे, मुलांची लग्ने अडत. विलायतेला गेलेल्या पुरुषांनाही हे चुकले नव्हते. आनंदीबाईंच्या बाबतीत तर जाणारी व्यक्ती विवाहित तरुणी होती आणि ती एकटी निघाली होती.

मिशनची अट काय होती?

कोल्हापुरात असताना १८७८ मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे आणि स्वतःलाही तिथे काम हवे आहे, असा त्याचा आशय होता. वाइल्डर यांनी मदतीचा विषय ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराशी जोडला. जोशी दाम्पत्याला ते मान्य नव्हते. मात्र हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापला आणि तिथूनच वाट निघाली. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेल्या असताना १८८० मध्ये तो अंक चाळला. त्यांनी मदत देऊ करणारे पत्र पाठवले. त्यात धर्मांतराची अट नव्हती.

पुढची तीन वर्षे दोघींमध्ये पत्रे येत-जात राहिली. हिंदू घरातले सण, बालविवाह, बायकांचे आरोग्य, दोन्ही देशांतल्या रीती असे विषय त्यात असत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणाने बेजार झालेल्या आनंदीबाईंसाठी कार्पेंटर यांनी अमेरिकेहून औषधेही पाठवली. प्रकृतीची ही कुरकुर पुढच्या आजाराची पहिली खूण होती.

श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी काय सांगितले?

हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, तर कलकत्त्याजवळचे, हुगळी नदीकाठचे. गोपाळरावांची तिथे बदली झाली होती. पत्नीला एकटीने पुढे पाठवायचे, असे आता ठरले होते. बातमी पसरली आणि टीका सुरू झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात, १८ वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. ते इंग्रजीत होते.

लोक विचारत असलेले प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून पुढे मांडले आणि त्यांची उत्तरे दिली. अमेरिकेलाच का? भारतात सोय नाही का? एकटीच का? परतल्यावर जातीबाहेर टाकले तर? संकट आले तर? जे कोणत्याच बाईने केले नाही ते मीच का करावे? देशात स्त्री डॉक्टरांची गरज किती मोठी आहे, हे त्यांनी सांगितले. इथल्या सोयी अपुऱ्या का वाटतात, रस्त्यावर एकट्या शिकणाऱ्या बाईला काय सोसावे लागते, हेही मांडले. बहिष्काराच्या प्रश्नावर त्यांची भूमिका स्पष्ट होती. अमेरिकेत आपण इथल्यासारख्याच राहणार, पेहराव आणि आहार बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. मग बहिष्काराची धास्ती कशासाठी?

या भाषणानंतर वातावरण पालटले. देशभरातून मदत येऊ लागली. व्हाइसरॉयनेही २०० रुपये दिले. मात्र याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. भाषणात दिलेला शब्द आता सार्वजनिक झाला होता. परदेशात काय नेसावे आणि काय खावे, हा आनंदीबाईंचा खासगी निर्णय राहिला नाही. तो साऱ्या समाजाशी केलेला करार ठरला.

प्रवास आणि पहिले दिवस कसे होते?

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई मिशनरी मंडळींच्या सोबतीने कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. जवळपास दोन महिन्यांनी, ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटर त्यांना घ्यायला आल्या होत्या. तीन वर्षे केवळ पत्रांतून ओळखणाऱ्या दोघी पहिल्यांदा भेटल्या.

तो उन्हाळा रोझेलमध्ये गेला. कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्या मुलीसारखे ठेवले. धर्म, वर्ण, भाषा यांतले काहीच समान नसलेले हे घर आनंदीबाईंना आपले वाटले, ही त्यांच्या परदेशवासातली सर्वांत सुखाची गोष्ट. आपुलकीसाठी एकसारखे असावे लागत नाही, हे त्यांना इथे अनुभवायला मिळाले.

याच काळात त्यांनी फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाकडे अर्ज केला. १८५० मध्ये स्थापन झालेले हे कॉलेज केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी होते. प्रवेशासाठी लागणारे औपचारिक शिक्षण आपल्याकडे नाही, हे त्यांनी अर्जात लपवले नाही. आपल्या देशातल्या स्त्रियांची गरज आणि स्वतःचा निश्चय, एवढेच भांडवल त्यांनी पुढे केले. कॉलेजने प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांची काळजी घेतली.

त्यांनी काय जपले आणि काय बदलले?

शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी शाकाहार सोडला नाही. पेहराव साडीचाच राहिला. पण फिलाडेल्फियाचा हिवाळा कल्याणच्या माणसाने कधी न पाहिलेला. त्यांना मिळालेल्या खोलीतली शेकोटी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवली तर कडाक्याची थंडी. अभ्यास सांभाळून स्वतःचे स्वतः रांधायचे, तेही ओळखीचे धान्य-भाजी नसताना. आजच्यासारखे भारतीय वाणसामानाचे दुकान कोपऱ्यावर असण्याचा प्रश्नच नव्हता.

अशा वेळी त्यांनी एक साधा, शहाणा बदल केला. नऊवारीत पायांच्या पोटऱ्या उघड्या राहतात. थंडीच्या दृष्टीने ते सोयीचे नव्हते आणि तिथल्या रीतीलाही खटकणारे होते. म्हणून त्या गुजराती पद्धतीने, पाय पूर्ण झाकणारी साडी नेसू लागल्या. साडी सुटली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. भूज आणि मुंबईच्या वास्तव्यात पाहिलेली दुसऱ्या प्रांताची रीत त्यांना अमेरिकेत उपयोगी पडली. परदेशी गेलेल्या मराठी बाईने आपले भारतीयपण सांभाळण्यासाठी गुजराती वळण उचलले, यात आजच्या वाचकाला कदाचित नवल वाटणार नाही. तेव्हा मात्र हे लहान पाऊल नव्हते. नऊवारी म्हणजेच सौभाग्य आणि कुळशील, असे मानणारा समाज मागे बसला होता.

जपण्याच्या या ओढीला दुसरी बाजूही होती. परदेशात आपल्या समाजावर सतत टीका ऐकू येऊ लागली की माणूस एरवी ज्या गोष्टी मान्य करणार नाही, त्यांचाही बचाव करू लागतो. आनंदीबाईंनी अमेरिकन श्रोत्यांसमोर बालविवाहाची बाजू घेतली तेव्हा ऐकणारे चकित झाले. ज्या प्रथेमुळे त्या नवव्या वर्षी बोहल्यावर उभ्या राहिल्या आणि तेराव्या वर्षी मूल गमावले, त्याच प्रथेचे त्या समर्थन करत होत्या. याला ढोंग म्हणणे सोपे आहे. पण मिशनरी व्यासपीठावर सगळा देश आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असताना एकट्या प्रतिनिधीला तटस्थ राहणे किती अवघड जाते, हे परदेशात राहिलेल्या अनेकांना कळेल.

तिघींच्या त्या छायाचित्रात काय आहे?

१० ऑक्टोबर १८८५ रोजीचे एक छायाचित्र आज इंटरनेटवर वारंवार फिरते. त्यात त्याच कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी आहेत. भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या पेहरावात. ओकामी पुढे १८८९ मध्ये आणि इस्लामबुली १८९० मध्ये डॉक्टर झाल्या.

या चित्राकडे दोन प्रकारे पाहता येते. अमेरिकन पाहुण्यांपुढे पूर्वेकडच्या तिघींना त्यांच्या वेशात बसवणे, यात नावीन्याचे कौतुक मिरवण्याचा भाग होताच. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. तीन देशांतून आलेल्या या तिघींना पाश्चात्त्य वैद्यक शिकण्यासाठी पाश्चात्त्य झगा घालावा लागला नाही. त्या काळात बहुसंख्य वैद्यकीय संस्थांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. या कॉलेजने मात्र निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रियांना सामावून घेतले. आफ्रिकी-अमेरिकन डॉक्टर रिबेका कोल १८६७ मध्ये इथून बाहेर पडल्या. अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी ओमाहा जमातीच्या सुझान ला फ्लेश यांनी १८८९ मध्ये पदवी घेतली. बेळगावात जन्मलेल्या गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून १८९२ मध्ये डॉक्टर होऊन मुंबईत कामाला लागल्या.

आनंदीबाई आणि पंडिता रमाबाई यांच्या वाटा वेगळ्या कशा?

१८८३ हे वर्ष मराठी स्त्रियांच्या परदेशप्रवासाच्या इतिहासात विलक्षण आहे. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी तिथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दोघी दूरच्या नातेवाईक. दोघींचा विषय एकच होता, इथल्या स्त्रियांची दशा. मात्र रमाबाईंना आपल्या प्रश्नांची उत्तरे धर्म बदलून मिळाली, तर आनंदीबाईंनी धर्मात राहूनच काम करायचे ठरवले.

महाराष्ट्रात या दोघींची तुलना नेहमी एकीला उंचावण्यासाठी आणि दुसरीला खाली ओढण्यासाठी झाली. प्रत्यक्षात दोघींत तसे वैर नव्हते. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मुद्दाम अटलांटिक ओलांडून आल्या. १८८७ मध्ये रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या डीन बॉडली यांनी लिहिली आणि तीत आनंदीबाईंचे स्मरण केले. समाजाने ज्यांना दोन टोकांना उभे केले, त्या दोघी एकमेकींच्या कामाला आपले मानत होत्या.

गोपाळरावांची भूमिका काय होती?

गोपाळराव हे या कथेतले सर्वांत गुंतागुंतीचे पात्र. पत्नीला शिकवण्याचा हट्ट धरणारा, तिला एकटीला सातासमुद्रापार पाठवणारा पती त्या काळात दुर्मीळ. पण हाच पती लहानग्या आनंदीला अभ्यासासाठी मारत असे. अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या मारहाणीची आठवण त्यांना स्पष्ट शब्दांत करून दिली. पतीविषयी कृतज्ञता आणि त्याने केलेल्या अन्यायाची नोंद, दोन्ही एकाच पत्रात. घरापासून हजारो मैल दूर गेल्यावरच हे लिहिणे त्यांना शक्य झाले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आनंदीबाईंचे शिक्षण चालू असतानाच गोपाळराव अमेरिकेत दाखल झाले. तिथे त्यांनी पाश्चात्त्य समाजावर बोचरी टीका करणारी भाषणे दिली. पुढे १८९० मध्ये पुण्यात गाजलेल्या पंचहौद मिशनच्या चहाच्या प्रकरणामागेही हेच गोपाळराव होते. मिशनमध्ये चहा घेतलेल्या प्रतिष्ठितांची नावे त्यांनी जाहीर केली. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. त्यावरून प्रायश्चित्ताचा मोठा वाद पेटला. पुण्यातल्या एका कप चहाने एवढे वादळ उठत होते, यावरून सात वर्षे आधी समुद्र ओलांडणाऱ्या १८ वर्षांच्या मुलीने काय पणाला लावले होते याचा अंदाज येतो.

पदवीच्या प्रबंधात कोणता विषय होता?

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एमडी पदवी मिळाली. एकविसावा वाढदिवस तेव्हा २० दिवसांवर होता. पती गोपाळराव आणि पंडिता रमाबाई समारंभाला हजर होते. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा संदेश आला.

प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यासाठी त्यांनी अमेरिकन पाठ्यपुस्तकांसोबत आयुर्वेदाच्या ग्रंथांचाही आधार घेतला. साडी आणि शाकाहार ही ओळखीची बाह्य खूण होती. प्रबंधात मात्र तीच ओळख ज्ञानाच्या पातळीवर आली. आपल्या परंपरेत बाळंतपणाविषयी काय सांगितले आहे, हे त्यांनी फिलाडेल्फियाच्या परीक्षकांपुढे अभ्यासाचा विषय म्हणून ठेवले. १० दिवसांचे मूल गमावलेल्या आईने निवडलेला हा विषय होता, हेही विसरता येत नाही.

परतल्यावर काय घडले?

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक केली. आज हेच रुग्णालय सीपीआर म्हणून ओळखले जाते. मात्र तोवर क्षयाने त्यांना गाठले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण रुग्णालयात रुजू होण्याइतकी ताकद उरली नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला एक महिना राहिला होता. पदवी हाती आल्याला वर्षही झाले नव्हते.

आजार थंडीमुळे बळावला, अपुऱ्या आहारामुळे की आधीपासून शरीरात होता, याची चर्चा चरित्रकारांनी केली आहे. प्रकृती आधीपासून नाजूक होती आणि क्षयावर तेव्हा औषध नव्हते. तरीही परक्या हवेत, परक्या अन्नात आपला दिलेला शब्द पाळण्याचा भार त्या शरीरानेच वाहिला. दोन्ही समाज आनंदीबाईंकडे आपापली अपेक्षा घेऊन पाहत होते. त्या अपेक्षांचे ओझे त्यांच्या खोलीतल्या थंडीइतकेच खरे होते.

त्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टर होत्या का?

याचे उत्तर थोडे नेमकेपणाने द्यायला हवे. कादंबिनी गांगुली यांनीही १८८६ मध्येच कोलकाता मेडिकल कॉलेजातून शिक्षण पूर्ण केले आणि पुढे दीर्घकाळ व्यवसाय केला. त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाची पात्रता मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत दोघींचे नाव एकत्र घेणे योग्य. अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला मात्र आनंदीबाईच. त्यांच्यानंतर डॉ. रखमाबाई लंडनमध्ये शिकून आल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. आनंदीबाईंना प्रत्यक्ष सेवेची संधी मिळाली नाही. पण हिंदू घरातली मुलगी परदेशी शिकून परत येऊ शकते, हे त्यांच्या प्रवासाने सिद्ध केले होते.

आज त्यांची आठवण कुठे कुठे आहे?

अमेरिकन लेखिका कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी चरित्र लिहिले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे लिहिलेले चरित्र म्हणूनही त्याला महत्त्व आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ च्या कादंबरीने हे जोडपे घराघरांत नेले. अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांनी पत्रे आणि कागदपत्रे तपासून कादंबरीपलीकडच्या आनंदीबाई दाखवल्या. २०१९ मध्ये समीर विद्वांस यांचा ‘आनंदी गोपाळ’ चित्रपट आला. शुक्र ग्रहावरच्या सुमारे ३४ किलोमीटर व्यासाच्या एका विवरालाही त्यांचे नाव आहे.

सर्वांत हलवून टाकणारे स्मारक मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आहे. आनंदीबाईंच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. अस्थी गंगेत किंवा गोदावरीत सोडायच्या, ही आपली रीत. त्या समुद्रापार एका ख्रिस्ती कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. कार्पेंटर कुटुंबाच्या थडग्यांशेजारी त्यांच्या नावाचा दगड आहे. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद त्यावर आहे.

हिंदू म्हणून परत येण्याचा शब्द आनंदीबाईंनी पुरा केला. नंतर त्यांच्या अस्थी पुन्हा एकदा तोच समुद्र ओलांडून मावशीच्या घरी गेल्या. पारनाक्यावर वाढलेल्या यमुनेला पुणे आणि पोकिप्सी या दोन्ही ठिकाणी आपले म्हणणारी माणसे होती.